जुन्या नावाचं काय करायचं?

तुमच्या पदवीवर कोणतं नाव आहे, माहेरचं की सासरचं? माझ्या पदवीवर माहेरचं आहे आणि आधारवर सासरचं. त्यामुळे कुठलंही काम निघालं की विवाह नोंदणीचा दाखला नि राजपत्राची प्रत पिशवीत घालूनच निघावं लागतं. गेल्या महिन्यात एका खिडकीवरच्या साहेबांनी पदवी बघून विचारलं, "या बाई कोण?" अहो, मी समोरच उभी होते!

त्याच आठवड्यात लेकीनं घरातल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन बसवलं. डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी तो सुरू केला. डेब्रा ही त्यांची मैत्रीण, पुढे पत्नी झाली. डेब्रा आणि इयान मिळून डेबियन! दोघांचंही नाव राहिलं, मला तिथेच कौतुक वाटलं.

डेबियनमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरचं एक पॅकेज असतं आणि त्याचं नाव ठेवायचे नियम ठरलेले आहेत. इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं, अंक, अधिक, वजा आणि टिंब, एवढंच चालतं. मधे जागा सोडायची नाही. नावावरून ओळखही पटते. मराठीसाठी आम्ही 'फॉन्ट्स-लोहित-देवा' घेतलं. फॉन्ट्स हे घराणं, लोहित हे नाव आणि देवा म्हणजे देवनागरी. आडनाव आधी लिहिल्यासारखंच झालं की!

मग मी लेकीला विचारलं, "एकाच नावाचे दोघं आले तर?"

तिनं गिटची गोष्ट सांगितली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट तयार केलं, पण डेबियनमध्ये त्या नावाचं दुसरंच एक पॅकेज आधीपासून होतं. म्हणून नव्याला 'गिट-कोअर' म्हटलं गेलं. पुढे जुन्याचं नाव बदलून 'जीएनयूआयटी' झालं आणि गिट हे नाव नव्याला मिळालं.

पण ज्यांच्या संगणकावर गिट-कोअर होतं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी गिट-कोअर नावाचं एक रिकामं पॅकेज ठेवलं. त्याचं काम एकच, जुन्या नावानं आलेल्याला नव्या नावापर्यंत पोचवायचं. अशा पॅकेजला ट्रान्झिशनल पॅकेज म्हणतात. नव्या नावावर आल्यावर ते काढून टाकता येतं.

मी गप्पच झाले. यंत्राचं नाव बदललं तर जुन्या नावाची सोय ज्यानं बदललं तो करतो. आमचं बदललं की पुरावे आम्हीच गोळा करायचे!

मग मी एका पानावर दोन्ही नावं लिहिली, खाली दाखला आणि राजपत्राची प्रत जोडून एकच फाइल केली. लेकीनं तिला नाव दिलं, 'आई-कोअर'.

तुमचीही अशी फाइल आजच करून ठेवा. आणि घरात लग्न ठरलं असेल, तर मुलीला नाव बदलायचंय का, हे आधी तिलाच विचारा.