एकच गंधार, वेगवेगळे भाव

पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरून भूप वाजवला, तर त्याचे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात : सा, रे, ग, प, ध. यातला गंधार पांढरी तीनवरून काळी दोनवर आणला आणि बाकीचे चार स्वर जागच्या जागी ठेवले, की शिवरंजनी होतो. बदलते ती एकच पट्टी. तरीही बहुतेक भारतीय श्रोत्यांना भूप शांत व प्रसन्न वाटतो आणि शिवरंजनी व्याकूळ. हे दुःख त्या कोमल गंधारात मुळातच असते, की कानाला तसे ऐकण्याची सवय लागलेली असते, हा संगीत शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना वारंवार पडणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही एका स्वरात सापडत नाही. आवाजाची सर्वांना कळणारी लक्षणे, परंपरेने घडवलेले संकेत आणि श्रोत्याच्या स्वतःच्या आठवणी या तिन्हींतून ते मिळते.

पहिला भाग माणसाच्या बोलण्याशी जोडलेला आहे. दुःखी माणूस सावकाश बोलतो, आवाज खाली उतरतो, जोर कमी होतो. आनंदी माणसाचे बोलणे जलद, चढे आणि खुले असते. पॅट्रिक युसलिन आणि पेत्री लाउक्का यांनी 2003 मध्ये बोलणे आणि वादन-गायन या दोन्हींवरच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. भाव व्यक्त करताना लय, जोर आणि आवाजाचा पोत यांत दोन्हीकडे सारखेच बदल होतात, असे त्यांना दिसले. म्हणूनच अनोळखी संगीतातला भावही काही अंशी ओळखू येतो. कॅमेरूनमधल्या माफा लोकांना पाश्चात्त्य पियानोसंगीत ऐकवून केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ते संगीत त्यांनी पूर्वी ऐकलेले नव्हते, तरीही आनंद, दुःख आणि भीती हे भाव त्यांनी निव्वळ अंदाजाने जमले असते त्यापेक्षा अधिक वेळा बरोबर ओळखले. त्याआधी 1999 मध्ये लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले होते. रागांची काहीच ओळख नसताना त्यांना आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव कळले. शांत भाव ओळखणे मात्र तितके साधले नाही. लय आणि आवाजाची ठेवण जिथे स्पष्ट बोलते, तिथे परका कानही समजून घेतो. शांत भाव अशा ठळक खुणांवर उभा नसतो.

दुसरा भाग शिकण्याचा आहे. पाश्चात्त्य संगीतात मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे उदास, हा संकेत इतका रुळलेला आहे की तो निसर्गनियम वाटतो. केट हेवनर यांनी 1935 मध्ये एकाच रचनेची मेजर आणि मायनर अशी दोन रूपे वाजवून श्रोत्यांचे प्रतिसाद नोंदवले आणि हा संबंध प्रयोगाने दाखवला. पण लहान मुलांना तो उपजत नसतो. 2001 मधल्या एका अभ्यासात पाच वर्षांची मुले लयीवरून सुख-दुःख ओळखत होती. मेजर-मायनरचा फरक भावासाठी वापरणे सहा ते आठ वर्षांच्या मुलांना जमत होते. म्हणजे लय आधी कळते, स्वरांचा संकेत ऐकून ऐकून पक्का होतो. पापुआ न्यू गिनीत झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातूनही हेच सुचते. पाश्चात्त्य धर्तीच्या चर्चसंगीताची सवय असलेल्या लोकांत मेजर आणि आनंद यांचा संबंध दिसला. ती सवय अगदीच थोडी असलेल्या लोकांत तो ठामपणे दाखवता आला नाही.

कोमल गंधार म्हणजे उदासी, हे समीकरण भारतीय संगीतातही टिकत नाही. काफीत गंधार आणि निषाद कोमल आहेत, आणि होरी गाण्यासाठी परंपरेने काफीच जवळचा मानला आहे. बहारमध्ये कोमल गंधार आहे आणि तो वसंताचा, उल्हासाचा राग आहे. मालकंसात गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल आहेत. त्याचा भाव भारदस्त आणि गंभीर आहे, रडवेला नाही. ज्यू लोकांच्या लग्नसमारंभात नाचत गायले जाणारे ‘हावा नागिला’ हे गाणे कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद अशा स्वरांत आहे, म्हणजे साधारणपणे आपल्या बसंत मुखारीच्या स्वरांत. ते स्वर एखाद्या मराठी कानाला गंभीर सकाळची आठवण देतील. तिथे त्यांच्यावर अख्खे लग्नघर नाचते.

प्राचीन काळापासून स्वर आणि भाव यांची जोडणी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात गंधार आणि निषाद करुण रसासाठी, मध्यम आणि पंचम हास्य-शृंगारासाठी सांगितले आहेत. विसाव्या शतकात विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी शुद्ध-कोमल स्वरांवरून रागांचे वर्ग पाडून त्यांची वेळ आणि रस यांचा मेळ घालून पाहिला. अशा मांडण्यांचा उपयोग दिशा दाखवण्यापुरता आहे. स्वर एकटा घेतला तर त्याला फारसा भाव नसतो. तो कोणाच्या शेजारी येतो, किती थांबतो आणि कुठून कुठे जातो यावर त्याचा भाव ठरतो. किशोरी आमोणकर यांनी ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात रागाचा विचार रसाच्या अंगाने केला, तेव्हा त्यांचा भरही स्वरांच्या परस्परसंबंधांतून उभ्या राहणाऱ्या भावविश्वावर होता.

मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा देतात. तिघांचे स्वर तेच : षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, धैवत आणि निषाद. तिघांतही पंचम वर्ज्य. मारव्यात गायक ऋषभावर आणि धैवतावर ठाण मांडतो आणि षड्ज टाळत राहतो. तंबोऱ्यात षड्ज सतत घुमत असतो, त्याला लागूनच कोमल ऋषभ धरून ठेवलेला असतो, आणि या घर्षणाने कान अस्वस्थ होतो. कितीतरी वेळाने गायक षड्जावर येतो तेव्हा सभेला सुटल्यासारखे वाटते. सूर्यास्ताच्या वेळची हुरहूर लोकांना मारव्यात ऐकू येते ती या टाळण्यामुळे. पूरियात तेच स्वर मंद्र आणि मध्य सप्तकात फिरतात, गंधार आणि निषाद आधार देतात, आणि राग खोल, धीरगंभीर होतो. सोहनीत तोच ऋषभ ओझरता येतो. गाणे धैवतावरून तार षड्जाकडे झेप घेते आणि चपळ, लाडिक वाटते. पट्ट्या त्याच असताना एका रागात ओढ, दुसऱ्यात गांभीर्य आणि तिसऱ्यात चांचल्य येते. फरक पडतो तो न्यासाचा म्हणजे थांबण्याच्या स्वराचा, सप्तकाचा आणि चलनाचा.

याशिवाय स्वराचा लगाव असतो. पेटीचा कोमल गंधार षड्जापासून ठरीव अंतरावर बसवलेला आहे. दरबारीतला गंधार त्याहून खाली असतो आणि स्थिर नसतो. तो सावकाश आंदोलतो. पेटीवर दरबारीचे स्वर दाखवता येतात, पण दरबारीचे वजन त्या आंदोलनात आहे आणि ते गळ्यातून किंवा तंतुवाद्यातूनच येते. तोडीचा गंधारही अतिकोमल लागतो. नव्या विद्यार्थ्याने दरबारीचा गंधार पेटीबरहुकूम सरळ उभा केला, तर स्वर चुकत नाही, पण राग उभा राहत नाही आणि त्यातली गंभीर वेदनाही कुणापर्यंत पोचत नाही.

तिसरा भाग रिवाजाचा आणि आठवणींचा आहे. भैरवी शास्त्राने सकाळची रागिणी आहे. पण मैफलीचा शेवट भैरवीने करण्याची रीत महाराष्ट्रात इतकी मुरलेली आहे, की तिचे पहिले स्वर कानी पडताच मराठी श्रोत्याला निरोपाची जाणीव होते. तीच भैरवी भजनात भक्तीची, ठुमरीत शृंगाराची आणि नाट्यपदात प्रसंगानुसार वेगवेगळ्या भावाची होते. पाश्चात्त्य श्रोता त्याच स्वरांना फ्रिजियन म्हणतो आणि त्याला त्यात अंधारलेपण जाणवू शकते. निरोप मात्र जाणवत नाही, कारण ती रीत त्याच्या आयुष्यात नाही. त्याहून खासगी म्हणजे माणसाच्या स्वतःच्या आठवणी. आईच्या तोंडून रोज ऐकलेली आनंदी ओवी, आई गेल्यावर, त्याच माणसाला डोळ्यांत पाणी आणणारी होते. सुरावट जशीच्या तशी असते.

भाव ओळखणे आणि भाव जाणवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. उदास गाणे उदास आहे हे ओळखूनही माणसे ते पुन्हा पुन्हा ऐकतात. 2014 मध्ये 772 लोकांच्या एका पाहणीत उदास संगीताने सर्वाधिक जागी होणारी भावना दुःख नव्हती. गेलेल्या दिवसांची हुरहूर होती. भारतीय रसविचाराने हे फार आधी ओळखले होते. शोक हा स्थायीभाव करुण रस होतो, तेव्हा त्याचा आस्वाद घेता येतो. व्यवहारातल्या शोकाचा घेता येत नाही.

गायक-वादकाच्या हाती यातले काय उरते, हे यावरून स्पष्ट होते. लय, आवाजाचा जोर, स्वराचा लगाव, न्यासाची जागा आणि विरामाची लांबी त्याच्या ताब्यात असते. रागाचे संकेत त्याच्या आणि श्रोत्याच्या सामाईक परंपरेतून येतात. ती सामाईक नसेल तर अर्धा अर्थ वाटेतच राहतो. श्रोत्याच्या आठवणींवर त्याचा अधिकार नसतो. म्हणूनच करुण गायचे म्हणून आवाज रडका करणे हे कच्चेपणाचे लक्षण मानले जाते : त्यातून गायकाचे दुःख दिसते, रागाचे उमटत नाही. चांगला गुरू शिष्याला राग सुखाचा की दुःखाचा हे सांगत बसत नाही. कोणत्या स्वरावर किती थांबायचे आणि कोणता स्वर ओझरता घ्यायचा हे सांगतो. तेवढे नेमके झाले की एकाच मैफलीत एकाला शांती, दुसऱ्याला विरह आणि तिसऱ्याला भक्ती ऐकू येऊ शकते, आणि तिघांचेही ऐकणे खरे असते.