आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मीं सोलापुरांतील शाळेंत तीस वर्षें शिकविली. लांकडाचाच दांडा कुऱ्हाडीस मिळतो आणि मग ती सारें रान तोडते, हा अर्थ फळ्यावर लिहावयाचा आणि फितुरीचीं दोनचार उदाहरणें सांगावयाचीं, हा ठरलेला पाठ. परंतु हा दांडा कोणत्या लांकडाचा असतो, तो लोखंडांत कसा बसवितात, हें एकाही मुलानें विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें तर गुरुजींस उत्तर देतां आलें नसतें. गेल्या वैशाखांत तें उत्तर मला शिकावें लागलें. तो प्रसंग वाचकांस सांगतों.

आमच्या वाड्यांत पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब अजून चालू आहे. त्यासाठीं लांकडें फोडावयास आजोबांच्या वेळची एक कुऱ्हाड आहे. पात्यावर इंग्रजी छाप आहे. अक्षरें बहुतेक झिजलीं आहेत, परंतु ती शेफील्डची असावी असें वडील म्हणत. दांडाही आजोबांच्याच वेळचा, अशी माझी समजूत. हात लागून लागून तो इतका गुळगुळीत झाला होता कीं, तो बदलण्याची गोष्ट कोणीं काढली तर मला राग येई. सोलापूरच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या वर गेला म्हणजे दारेंखिडक्यासुद्धां आकसतात. मग दांड्याची काय कथा? पातें हलूं लागलें कीं मी कुऱ्हाड रात्रभर हौदांत बुडवून ठेवीत असें. सकाळीं ती घट्ट होई. फारच झालें तर एखादा खिळा ठोकावयाचा. वडीलही असेंच करीत आले असतील, असें मीं धरून चाललों होतों.

एके सकाळीं मी अंगणांत लांकडें फोडीत होतों. धाकट्या भावाचा नातू जवळच गोट्या खेळत होता. घाव घालण्यासाठीं कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि हात एकाएकीं हलका झाला. पातें मागें उडून फरशीवर आदळलें, घसरत गेलें आणि त्या मुलाच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबलें. त्याला ती गंमत वाटून तो हंसला. माझ्या हातांत नुसता दांडा होता आणि तोंडांतून शब्द फुटेना.

“दादा, ही कुऱ्हाड आतां मोडींत जाऊं दे,” भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मीही मान हलविली. परंतु ओटीवर बसलेल्या आमच्या वृद्ध काकू म्हणाल्या, “अरे, लोखंडाचा काय रे दोष? लांकूड मेलंय. तें बदल की!”

पुढच्या मंगळवारीं पातें पिशवींत घालून बाजारांत गेलों. सोलापूरचा मंगळवार बाजार म्हणजे चार भाषांची शाळाच. भाव कानडींत विचारावा, उत्तर तेलुगूंत यावें, घासाघीस उर्दूंत व्हावी आणि पैसे मराठींत मोजावे, यांत कोणास नवल वाटत नाहीं. एका कडेला घिसाड्याचें बिऱ्हाड होतें. नवरा सांडशीनें लोखंड फिरवीत होता आणि बायको घण घालीत होती. दोघांचा ताल एवढा जुळलेला कीं बोलण्याची गरजच पडत नव्हती. त्यानें पातें हातोडीनें ठणकावून ऐकलें आणि म्हणाला, “गुरुजी, पाणी अजून चांगलं आहे.” पाणी म्हणजे पोलाद तापवून बुडविल्यानें धारेस आलेला कठीणपणा. नेढ्यांत अडकलेलें जुनें लांकूड त्यानें सुंभ्यानें ठोकून काढलें. पुष्कळ लोक तें जाळून काढण्यासाठीं पातें विस्तवांत टाकतात. पोलाद तापत गेलें कीं त्यावर प्रथम पिवळा, मग जांभळा आणि शेवटीं निळा रंग चढतो; तो निळा रंग धारेपर्यंत पोंचला कीं धार मऊ झालीच समजावी. मीं त्या दिवशीं घरीं हाच उपाय करणार होतों.

दांड्यासाठीं त्यानें मला बाळीवेशींतील एका सुताराकडे धाडलें. हा साठीचा गृहस्थ. बापाचाच धंदा चालवितो. त्याच्याकडे बाभळीचे दांडे सावलींत वाळत लावलेले होते. ओल्या लांकडाचा दांडा आज घट्ट बसतो, पण सुकला म्हणजे सैल पडतो, म्हणून एवढा धीर. सह्याद्रीकडे धामणीचा दांडा लवचिक म्हणून नांवाजतात. आमच्या कोरड्या मुलखांत बाभूळच खरी. त्यानें दोन दांडे बाजूस सारले. एकाची शीर मध्येंच वळून कडेला निघाली होती; तेथेंच तो तुटावयाचा. दुसरा टोंकाकडून पाहतां त्याच्या रेषा पात्याला आडव्या होत्या. त्या पात्याच्या दिशेनेंच हव्यात. तिसरा त्यानें घेतला आणि वाकसानें तासूं लागला.

देशी कुऱ्हाडीचें नेढें पुष्कळदा गोल असतें व दांडा वरून घालतात. त्याचें जाड टोंक वर अडकतें, आणि प्रत्येक हिसक्यानें पातें अधिकच आवळतें. माझ्या विलायती पात्याचें नेढें लांबट. त्यांत दांडा खालून घालावयाचा, वर त्यास चीर द्यावयाची आणि चिरेंत पाचर ठोकून लांकूड दोहों बाजूंस फांकवावयाचें. पाण्यांत बुडविण्याची माझी युक्ति ऐकून त्यानें डोक्यास हात लावला. फुगलेल्या लांकडास लोखंड बाहेर जाऊं देत नाहीं, म्हणून तें आंतल्या आंत चिरडतें. आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षांही बारीक होतें. म्हणजे प्रत्येक रात्रीच्या स्नानानें मीं तो दांडा अधिकच सैल केला होता.

नमुन्यासाठीं नेलेला जुना दांडा त्यानें उलटून पाहिला आणि थबकला. खालच्या टोंकाशीं तीन बारीक खांचा होत्या. “ही माझ्या वडिलांची खूण. बहात्तरच्या दुष्काळांत गांव सोडून ते सोलापुरांत आले, तेव्हांपासून प्रत्येक दांड्यावर करायचे.”

आजोबा वारले तेव्हां मी सात वर्षांचा होतों; १९७२ पूर्वीं कित्येक वर्षें. म्हणजे हा दांडा आजोबांचा नव्हेच! माझ्या वडिलांनीं तो केव्हांतरी गाजावाजा न करतां बदलून घेतला होता. आणि पुत्रानें त्याच बदललेल्या दांड्यास वंशाची ठेव मानून त्यावर खिळे ठोकले. वडिलांनीं जें केलें तें न करतां त्यांच्या नांवानें हट्ट धरला, तो मींच.

परततांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशीं क्षणभर थांबलों. या शहराच्या इतिहासांत कुऱ्हाडीचें एक पान आहे. गांधीजींस अटक झाली त्याच आठवड्यांत, ८ मे १९३० रोजीं, रूपाभवानीच्या बाजूस लोकांनीं सरकारी उत्पन्नाचीं शिंदीचीं झाडें तोडलीं. त्या दिवशींच्या गोळीबारांत शंकर शिवदारे पडले. १२ मेपासून लष्करी कायदा आला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस येरवड्यास फांशी दिलें. आजोबा तेव्हां शहरांतच होते. त्या दिवशीं आमची कुऱ्हाड कोठें होती, हें त्यांनीं घरांत कधीं सांगितलें नाहीं. संस्कृत व्याकरणांत तृतीया शिकवितांना कुऱ्हाड हें ‘करणा’चें उदाहरण म्हणून येतें, तोडणारा कर्ता निराळाच. रानाचा काळ होणें काय किंवा लेंकराच्या पायाशीं पडणें काय, तें कर्त्याकडेच जातें, दांड्याकडे नव्हे.

नव्या दांड्यास आम्हीं जवसाचें तेल तीन वेळां पातळ हातानें चोळलें. सुतारानें त्यावर आपल्या वडिलांचीच तीन खांचांची खूण केली; त्याखालीं मीं साल कोरवून घेतलें, म्हणजे पुढें कोणीं तो माझ्या आजोबांचा मानूं नये. दर अक्षय्यतृतीयेस पाचर तपासावयाची, असें ठरलें आहे. तें काम भावाच्या नातवानें मागून घेतलें. मात्र मी लांकडें फोडावयास बसलों कीं तो गोट्या घेऊन परसांत जातो. काकूंचा तसा हुकूमच आहे.