मशिन थांबलं की

मिरजेत माझ्या वडिलांचं, आप्पांचं, शिवणकामाचं दुकान होतं. आठ बाय दहाची जागा. पुढं कापड बेतायचं टेबल, मागं दोन मशिनी आणि फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी लाकडी पेटीचा मर्फी रेडिओ. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं, आप्पांचं दुकान १९६५ला. रेडिओचा काटा १२५१वर लावलेला असे आणि तो सहसा हलत नसे. आप्पा चौथी शिकलेले. पाचवीत गेले त्याच वर्षी आजोबा वारले आणि ते मामाच्या दुकानात काजं-बटणं करायला बसले. पुढचं सगळं शिक्षण त्या फळीवरून खाली आलं.

तेव्हा रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तकात नोंद करून घ्यायची. आप्पा दुकानभाडं एखाद्या महिन्यात पुढं ढकलत, परवान्याची तारीख मात्र कधी चुकली नाही. ऐंशीच्या दशकात ती अट गेली तरी ते पुस्तक टेबलाच्या खणात मापाच्या वह्यांबरोबर राहिलं.

शाळा सुटली की मी दुकानात जायची. अस्तराच्या कापडाच्या ढिगाला टेकून अभ्यास करायची. त्या वयात मला एक खूण कळली. गाणी लागली की आप्पांचा पाय पायडलवर एका लयीत चाले, टीप सरळ पडत जाई. कुणी बोलायला लागलं की लय तीच राही, पण मधूनच मशिन थांबायचं. सुई कापडात रुतलेली, हात चाकावर, मान किंचित वर. पाच-सात सेकंद. मग पुन्हा पाय सुरू. मशिन थांबलं की समजायचं, आता काहीतरी ठेवून घेण्यासारखं आलं. मी वहीतून डोकं वर काढायची आणि तेवढंच ऐकायची. दहा मिनिटांच्या भाषणातलं माझ्या वाट्याला तीन-चार वाक्यं येत, आणि ती बहुधा खरोखरच त्यातली सर्वांत चांगली असत.

काय काय ऐकलं असेल आप्पांनी! पोलिओच्या लसीवर डॉक्टरांचं भाषण, विहिरीच्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेट किती टाकायचं, वारसाहक्काचा कायदा, कीर्तन, श्रुतिका, चंद्रावर माणूस उतरला त्याचं वर्णन. आमची गुंठाभर जमीन नव्हती, तरी संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम त्यांनी कधी बंद केला नाही. तासगावकडचे द्राक्षबागायतदार लग्नसराईत सफारी शिवायला येत. आप्पा त्यांच्या खांद्यावर टेप धरून विचारत, "काय पाटील, ढग धरल्यात. फवारणी झाली का?" पानावर ओल साचून राहिली तर द्राक्षावर डाऊनी हा रोग येतो आणि पाऊस न होता नुसतंच दमट, ढगाळ राहिलं तर भुरी, हा फरक मी दुकानात बसून शिकले. एका बागायतदारानं विचारलं होतं, "तुमची बाग कुठं आहे म्हणायची?" आप्पांनी खडूनं फळीकडं बोट दाखवलं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातल्या अथणी, चिकोडी, कागवाडकडची माणसं पेशंट घेऊन येत आणि आठ-आठ दिवस राहत. त्यातली काही आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत, कारण आप्पा दुपारी काही वेळ काटा हलवून धारवाड लावत. त्या केंद्रावरून ऐकून ऐकून ते कन्नड बोलायला शिकले. व्याकरण कच्चं, उच्चार पक्के. दवाखान्यात आपली भाषा कानावर न पडलेला माणूस त्या पायरीवर धारवाडच्या बातम्या ऐकायचा तेव्हा त्याचा चेहरा कसा सैल व्हायचा, ते मी पाहिलंय. गाण्यानंही बरं वाटतं. पण आपल्या भाषेत कुणीतरी सरळ, संथ बोलतंय, आजचा पाऊस, उद्याचा बाजार सांगतंय, हे वेगळं. घर जागेवर आहे, असं त्यातून कळतं.

ऐकून झालं की पायरीवर चर्चा व्हायची. भाषण दहा मिनिटांचं आणि त्यावरचं बोलणं तासाभराचं. मोठेपणी मी पुण्यात १९५६ साली झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा मला आमची पायरीच आठवली. पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं बसवली होती. आठवड्यातून दोनदा शेतीचा कार्यक्रम लागायचा. गावातली माणसं एकत्र बसून तो ऐकायची, लगेच त्यावर बोलायची आणि आपल्या शंका केंद्राला लिहून पाठवायची. टाटा समाजविज्ञान संस्थेकडून त्याची पाहणी झाली. पॉल न्यूरथ या अभ्यासकानं अशी मंडळं असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडलेली दिसली. यात मला नवल वाटलं नाही. नुसतं ऐकलेलं वाऱ्यावर जातं, ऐकून बोललेलं अंगी लागतं. आमच्या पायरीला कुणी मंडळ म्हटलं नाही एवढंच.

मग मोटरीचं प्रकरण. १९९३च्या सुमारास बाजारात तयार कपडे भराभर येऊ लागले, शिलाईचे दर पडले. माझ्या भावानं हट्टानं मशिनला विजेची मोटर बसवून दिली. काम दुप्पट होणार होतं. पहिल्याच दिवशी मोटर सुरू झाली आणि रेडिओत खरखर उसळली. शिलाई मशिनच्या मोटरीत कार्बनचे तुकडे फिरत्या तांब्यावर घासतात, तिथं बारीक ठिणग्या उडत राहतात आणि त्या ठिणग्या रेडिओच्या लहरींमध्ये घुसतात. मीडियम वेव्हवर माणसाचा आवाज लाटेच्या कमी-जास्त उंचीत भरलेला असतो. खरखरही त्याच उंचीत मिसळते, मग निवडून बाजूला काढता येत नाही. भावानं रेडिओ दुसऱ्या भिंतीला नेला, वायर बदलली. काही फरक पडला नाही. आप्पांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले तर मोटर कागदात गुंडाळून खाली ठेवलेली आणि पायडलला पट्टा परत चढवलेला. भाऊ चिडला. आप्पा म्हणाले, "दोन पँटी कमी निघतील. दिवसभर त्या घरघरीत बसून जास्तीच्या दोन पँटीचं काय करू?" आमच्या घरात तेव्हा पैशाची ओढाताण होती, माझं लग्न ठरत होतं. तरीही मला त्या वेळी आप्पांचं पटलं होतं आणि आजही पटतं.

त्याआधी, १९८९ साली, मी स्वतः त्या फळीवरून बोलले होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सांगली केंद्राकडून करारपत्र आलं. विषय होता जात्यावरच्या ओव्या, वेळ दहा मिनिटं. मी लिहिलेल्या भाषणात व्याख्या होत्या, छंदाची चर्चा होती, अभ्यासकांची मतं होती. स्टुडिओत जाताना एकामागे एक दोन जड दारं लागली. दुसरं बंद झालं तेव्हा कानांवर कापूस ठेवल्यासारखी शांतता झाली. कार्यक्रम अधिकारी बाईंनी माझ्या कागदांची टाचणी काढली, पानं सुटी केली आणि वाचून झालेलं पान न वाजवता बाजूला कसं सरकवायचं ते दाखवलं. मग म्हणाल्या, "ऐकणारी बाई भाकरी थापत असेल. तिला कागद दिसत नाही, मागचं वाक्य परत ऐकता येत नाही. तिनं हातातलं पीठ न टाकता ऐकलं पाहिजे, असं बोल." काचेपलीकडं लाल दिवा लागला.

प्रक्षेपणाच्या दिवशी मी दुकानात जाऊन आप्पांच्या मागं उभी राहिले. माझा आवाज आला. आप्पा एका सदऱ्याची बाही जोडत होते. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. मशिन एकदाही थांबलं नाही. व्याख्या गेल्या, छंद गेला. मला रडू यायचं बाकी होतं. सातव्या मिनिटाला मी आजीबद्दल सांगितलं होतं: दुसरी ओळ आठवत नसली की ती जातं थांबवायची, खुंट्यावर हात तसाच ठेवून अंधारात बघायची, आणि ओळ सापडली की जातं आपोआप सुरू झाल्यासारखं वाटायचं. मशिन थांबलं. आप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. पण ते पुष्कळ वेळ थांबलं होतं.

त्यानंतर मी जे काही लिहिलं, शिकवलं, ते त्या सातव्या मिनिटाकडं बघून.

लग्नानंतर मी पुण्यात आले. २००० नंतर खासगी एफएम वाहिन्या आल्या आणि बसमध्ये, रिक्षात, इस्त्रीवाल्याकडं सगळीकडं रेडिओ परत वाजायला लागला. पण तो गाण्यांचा. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला सरकारनं परवानगी दिली नव्हती. त्यामुळं गंभीर बोलणं आकाशवाणीपुरतं राहिलं आणि आकाशवाणी ऐकणारी माणसं घराघरांतून कमी होत गेली. ती पंधराएक वर्षं मला कोरडी वाटली. स्वयंपाकघरात उभी असताना हात चालू आणि कान रिकामे.

पॉडकास्टिंग हा शब्द २००४ साली बेन हॅमरस्ली या ब्रिटिश पत्रकारानं 'गार्डियन'मधल्या लेखात वापरला. माझ्यापर्यंत ती गोष्ट पोचायला लेकाचा फोन आणि २०२०ची टाळेबंदी लागली. कॉलेजचे वर्ग घरातून घ्यायचे, घरकामाला कुणी नाही, धुणं-भांडी सगळं अंगावर. लेकानं एक मराठी पॉडकास्ट लावून दिलं. मी कढई घासत होते. चारच वाक्यं झाली असतील आणि माझा हात थांबला. नळ वाहत होता. आप्पांची ती पाच-सात सेकंदं माझ्या हातात आली होती.

तेव्हापासून मी सतत ऐकते. पुण्याच्या पोरांचं 'अमुक तमुक' ऐकते. त्यात आईबापांशी न बोललेल्या गोष्टींवर तास-तासभर बोलतात आणि मला माझ्या विद्यार्थ्यांची गप्प तोंडं कळू लागतात. इतिहास ऐकते, आहारशास्त्र ऐकते, शेअर बाजार ऐकते, जरी माझा एकही शेअर नाही. आमच्या सोसायटीचा रखवालदार रात्रपाळीत कानात इअरफोनचं एक बोंड घालून शेळीपालनावरच्या मुलाखती ऐकतो. त्याला गावी जाऊन बारा शेळ्या घ्यायच्यात. समोरच्या वहिनी गीतेवरचं निरूपण ऐकत लोकर विणतात. तिघांचं ऐकणं वेगवेगळं, पण तिघांचेही हात चालू असतात. पडद्यावरचं बघायचं तर माणसाला काम सोडून बसावं लागतं, आणि कामं सोडून बसता येईल अशी माणसं आपल्यात फार थोडी आहेत. बोलणं मात्र कष्टकऱ्याच्या शेजारी येऊन बसतं. आपल्या भाषेत जाणत्या माणसाला बहुश्रुत म्हणतात, पुष्कळ ऐकलेला. तो शब्द आप्पांना लावताना मला कधी संकोच वाटला नाही.

आता आप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्याकडं राहतात. दुकान दिलं. डोळ्यांच्या मधोमध अंधार साठलाय. कडेचं दिसतं, समोरचं माणूस दिसत नाही. सुईत दोरा ओवणं तर दहा वर्षांपूर्वीच सुटलं. नातवानं त्यांना फोनवर पॉडकास्ट लावायला शिकवलं. फोनवर कुठं बोट ठेवायचं ती जागा कळावी म्हणून आप्पांनी पडद्याच्या कडेला कापडाचा बारीक तुकडा चिकटवून घेतलाय. पहिले काही दिवस त्यांची एक तक्रार असे. "दीड तास बोलतोय, मुद्दा वीतभर. कापड भरपूर आहे म्हणून सदरा घोट्यापर्यंत शिवायचा नसतो." त्यांचं बरोबर आहे. केंद्रावर दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं. लिहिलेलं कापून आणावं लागे, आणि कापताना काय महत्त्वाचं ते बोलणाऱ्यालाच आधी कळे. आज माईकपुढं बसणाऱ्या पुष्कळ पोरापोरींना ही शिस्त कुणी शिकवलेली नाही. बोलायची ओढ त्यांच्यात खरी आहे, म्हणून तर हे जास्त खटकतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी आता पॉडकास्ट करायला लावते. अट एकच: दहा मिनिटं, आणि आधी घरात काम करणाऱ्या माणसाला ऐकवून बघायचं.

गेल्या महिन्यातली दुपार. आप्पा पलंगावर पडलेले, फोन छातीवर. मी त्यांच्या शर्टाचं बटण लावत पायाशी बसले होते. कुणीतरी कृष्णेच्या पुरांबद्दल बोलत होतं. २००५चा पूर, २०१९चा पूर, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी मोजतात ती पट्टी. चादरीखाली आप्पांचा उजवा पाय हलत होता. टाच खाली, चवडा वर, टाच खाली. पंचावन्न वर्षं चाललेला पाय, तो झोपेतही चालतो. मी बटणाला चौथा वेढा घातला आणि पाय थांबला.

मी सुई तशीच धरली. फोनवरचा माणूस पुढं बोलत गेला.

"गेलं गं," आप्पा म्हणाले. "काय म्हणाला त्यो? पुलाच्या आधी पाणी कुठवर यायचं म्हणाला?"

"मीपण नीट ऐकलं नाही आप्पा."

ते जरा गप्प राहिले. जन्मभर निसटलेलं वाक्य त्यांनी असंच जाऊ दिलं होतं. मग बोटांनी तो कापडाचा तुकडा चाचपला, सापडला नाही, आणि फोन माझ्याकडं धरला.

"मागं घे जरा. घेता येतं म्हणाला होता पोरगा."