नियुक्तिपत्राचा उतारा

आपल्या खान्देशातील व्यापारी घरांत नोकरी हा शब्द फार काळ पाहुण्यासारखा राहिला. जळगावचा दाणाबाजार असो की धुळ्याचा आग्रा रोड, मुलगा शिकून मोठा झाला की गादीवर बसायचा. पगार ही आपण देण्याची वस्तू होती, घेण्याची नव्हे. आता अनेक घरांतील मुलेमुली पुण्या-मुंबईस, बंगळुरूस नोकरीला आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक नवा कागद आपल्या घरी येऊ लागला आहे. भागीदारीचा मसुदा तीनदा वाचणारे, आडतीच्या पट्टीवरील हमाली-तोलाईचा पैसा न् पैसा तपासणारे आपण, हा कागद मात्र पगाराचा आकडा पाहून बाजूला ठेवतो आणि पेढे आणायला निघतो.

जळगावात तीस वर्षे व्यापाऱ्यांचे करारमदार आणि करविवरणे पाहण्यात माझे आयुष्य गेले. यंदा धुळ्याच्या माझ्या भाचीस पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीचे नियुक्तिपत्र आले. सतरा पाने, आणि तीन दिवसांत सही करून पाठवण्याची ताकीद. मेहुण्यांचा सरकी-ढेपेचा व्यापार. त्यांनी मला फोन केला, "तुम्ही एकदा येऊन नजर टाका." त्या दोन दिवसांत आम्ही जे वाचले, त्यातील काही इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहितो.

पहिल्या पानावर वार्षिक सहा लाखांचा आकडा ठळक होता. मेहुण्यांनी बारांनी भागून महिन्याचे पन्नास हजार काढलेही होते. मी म्हटले, हा कापूस आहे, रुई नव्हे. क्विंटलभर कापूस जिनात घातला तर रुई साधारण एक तृतीयांश निघते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? सीटीसी म्हणजे कंपनीला त्या माणसापायी पडणारा सगळा खर्च. भाचीच्या पत्रात मूळ वेतन महिना 25,000 होते. पन्नास हजारांतून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी 1,800 गेला, ग्रॅच्युइटीच्या तरतुदीचे सुमारे 1,200 गेले, विम्याच्या हप्त्याचे 500 गेले. शिवाय वर्षाकाठी 60,000 'कामगिरीवर अवलंबून' होते, म्हणजे महिन्याचे 5,000 तूर्त कागदावरच. उरलेल्या साडेएकेचाळीस हजारांतून तिच्या वाट्याचा निधी 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा जाता हाती साडेएकोणचाळीस हजार येणार होते. उतारा वाईट नाही. पण पुण्यातील घरभाडे पन्नास हजारांच्या हिशेबाने ठरवायचे की साडेएकोणचाळीसच्या, हा प्रश्न लहान नव्हे.

त्यातील ग्रॅच्युइटीची रक्कम तर मला गमतीची वाटते. 1972 च्या कायद्याने चालत आलेला नियम असा की, सलग पाच वर्षे सेवा झाल्यावर प्रत्येक वर्षामागे शेवटच्या मासिक वेतनाचे पंधरा सव्विसांश मिळावेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनी मुदतबंद नेमणुकीसाठी ही अट एका वर्षावर आणली. कायम नेमणुकीस पाच वर्षांची अट राहिली. भाचीची नेमणूक कायम स्वरूपाची. तीन वर्षांनी तिने नोकरी सोडली, तर तिच्या नावे दरमहा दाखवलेले ते बाराशे रुपये तिला कधीच दिसणार नाहीत. जमेला धरलेली, पण वसूल न होणारी उधारी आपण कोणत्या खात्यात टाकतो, ते सांगायला नको.

परिवीक्षाकाल, बदली, कामाचे तास ही कलमे नेहमीसारखी होती. सूचनेच्या मुदतीपाशी मात्र मी थांबलो. कंपनीने काढायचे तर एक महिना आणि हिने सोडायचे तर तीन महिने. एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात तीन शेर, असा तराजू आपण दुकानात ठेवला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? 'सर्व वाद केवळ बंगळुरूच्या न्यायालयात' हे कलम पाहून मेहुणे अस्वस्थ झाले. मी त्यांना त्यांचेच बिलबुक दाखवले. तळाशी बारीक अक्षरांत 'धुळे न्यायकक्षेच्या अधीन' छापलेले होते.

ज्या कलमासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, ते अकराव्या पानावर होते. 'सेवेच्या काळात कर्मचारी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने अन्य कोणताही व्यवसाय करणार नाही, तसेच अन्य व्यवसायात हितसंबंध ठेवणार नाही.' नोकरदार घरातील मुलीने हे वाचून पान उलटले असते. आपल्या घरात तसे करता येत नाही. भाची अठरा वर्षांची होताच मेहुण्यांनी तिला पेढीत दहा टक्क्यांची भागीदार केले होते, आणि भागीदारीपत्रात तिचे नाव कार्यकारी भागीदारांत होते. कार्यकारी भागीदारास पेढी वेतन देते आणि आयकरात ठराविक मर्यादेपर्यंत त्याची वजावट मिळते, म्हणून हा रिवाज पडला. आता त्याच मुलीने 'माझा अन्य व्यवसायात हितसंबंध नाही' यावर सही करायची म्हणजे सरळ खोटे लिहून देणे झाले. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया मोजली आहे, ती याहून निराळी नसावी. व्यवहाराच्या दृष्टीनेही धोका होताच. विवरणपत्रात पेढीचे वेतन आणि कंपनीचा पगार शेजारी शेजारी उभे राहतात, आणि उद्या काही बिनसले तर सेवा समाप्त करायला कंपनीला हेच कारण पुरते.

पुढच्याच परिच्छेदात लिहिले होते, की सेवाकाळात कर्मचाऱ्याने तयार केलेली प्रत्येक संगणक-प्रणाली कंपनीच्या मालकीची राहील. कार्यालयातील असो वा बाहेरील, कामाच्या वेळेतील असो वा नसो. भाचीने कॉलेजात असताना वडिलांच्या गोदामासाठी एक छोटी प्रणाली लिहिली होती. कोणत्या गाडीतून किती पोती आली, कोणाला किती ढेप उधार गेली, हे त्यात दिसते. सुट्टीला घरी आली की ती त्यात सुधारणा करी. सही केल्यावरच्या पहिल्या रविवारी तिने त्यात एक ओळ वाढवली असती, तर ती ओळ कोणाची? मेहुणे हसले, मी हसलो नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पुरवणी भागीदारीपत्र करून तिला कार्यकारी भागीदारीतून मोकळे केले. तिचा नफ्याचा वाटा तेवढा राहिला, वेतन बंद झाले. आणि कंपनीस लेखी कळवले की, कुटुंबाच्या पेढीत माझा इतका वाटा आहे, कामकाजात मी भाग घेत नाही, आणि ही प्रणाली मी रुजू होण्यापूर्वीची असून तिच्यावर व तिच्यातील पुढील सुधारणांवर कंपनीचा हक्क राहू नये. ज्या घरांत मुले कंपनीत संचालक आहेत किंवा आईच्या नावच्या दुकानाचे जीएसटी भरून देतात, त्यांनी हे कलम दोनदा वाचावे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने येणारा हक्क ही वेगळी बाब आहे; तरी तीही कळवून टाकलेली बरी.

बॉण्डविषयी आपल्याकडे दोन टोकांचे बोलले जाते. कोणी म्हणतो, असले बॉण्ड न्यायालयात टिकतच नाहीत. कोणी म्हणतो, सही केली की वेठबिगारी. दोन्ही खरे नाही. 1872 च्या करार अधिनियमाचे कलम 27 सांगते, की कोणास कायदेशीर व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. त्याला अपवाद आपल्या ओळखीचा आहे: दुकान नावलौकिकासह विकणाऱ्याने त्याच भागात तोच धंदा पुन्हा न थाटण्याचे वचन देणे.

नोकरीच्या बाबतीत न्यायालये काळाकडे पाहतात. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याचा गोलिकरी खटला या विषयात नेहमी सांगितला जातो. टायरसाठी लागणाऱ्या दोऱ्याचे तंत्र कारखान्याने हॉलंडच्या एका कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. त्या विभागातील पर्यवेक्षकाने मार्च 1963 पासून पाच वर्षांचा करार केला, काही महिने प्रशिक्षण घेतले आणि 1964 मध्ये तो अधिक पगारावर कोट्याच्या तशाच कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1967 मध्ये कारखान्याची बाजू उचलून धरली आणि कराराची पाच वर्षे संपेपर्यंतची मनाई कायम ठेवली. उलट, 2006 मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की तीन वर्षांचा करार संपल्यानंतरही त्याचे हात बांधू पाहणारी अट कलम 27 पुढे टिकत नाही. तो करार नोकरीचा नव्हता, जाहिरातींच्या कामाचा होता. पण तत्त्व तेच. करार चालू असताना बंधन चालते, संपल्यावर चालत नाही. म्हणून 'सोडल्यानंतर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जाणार नाही' या कलमाने भाचीची झोप उडण्याचे कारण नव्हते. गोपनीयतेचे कलम मात्र नोकरीनंतरही पाळायचेच. विश्वासाने कळलेले दुसऱ्याचे गुपित फोडणे हा साकारमंत्रभेद, असे आपण पाठशाळेतच शिकलो आहोत.

राहिला दोन लाखांचा बॉण्ड, दोन वर्षांचा. 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेची आणि दोन लाखांच्या भरपाईची अट वैध ठरवली, तेव्हा 'टिकत नाही' म्हणणाऱ्यांचे ऐकून सही करू नये. त्या निकालात सरकारी बँकेला नव्या भरतीसाठी करावा लागणारा खर्च आणि खटाटोप विचारात घेतला होता. कलम 74 प्रमाणे करारातील आकडा ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून प्रशिक्षणावर खरोखर किती खर्च होणार, हे विचारावे, आणि सेवा होईल तशी रक्कम कमी होत जावी, असे लिहून घ्यावे.

मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचे कलम आम्ही सपशेल नाकारले. प्रती द्याव्यात, मूळ दाखवून परत घ्यावे. लेकराची दहा-पंधरा वर्षांची मेहनत गहाण टाकण्यासाठी नसते.

भाचीने स्वतःच्या शब्दांत नम्र ई-मेल लिहिला. मी त्यात फक्त दोन ठिकाणी कडक शब्द मऊ केले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. प्रमाणपत्रांचे कलम निघाले, सूचना दोन्हीकडून दोन महिन्यांची झाली, बॉण्डची रक्कम दर सहामाहीस चौथाईने घटेल असे ठरले, गोदामाची प्रणाली परिशिष्टात नोंदली गेली. स्पर्धाबंदीचे कलम व बंगळुरूचे न्यायालय तसेच राहिले. इतक्या सौद्यात इतकी कसर चालायचीच.

हे सर्व चालले असताना मेहुण्यांचे दिवाणजी कोपऱ्यात वही लिहीत बसले होते. नव्या संहितांनी नियुक्तिपत्र देण्यावर भर दिला आहे, तेव्हा मेहुण्यांनी मला दिवाणजींचे आणि दुकानातील दोन मुलांचेही पत्र मराठीत करून द्यायला सांगितले. मी एका पानाचा मसुदा केला. मेहुण्यांनी तो वाचला आणि भाचीच्या पत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "ते अन्य व्यवसायाचे कलम यातही घाला." दिवाणजी संध्याकाळी आणखी दोन दुकानांच्या वह्या लिहितात, हे सर्वांना माहीत होते. त्यांचे लिहिणे थांबले.

भाची म्हणाली, "पप्पा, तुम्ही त्यांना दोन दुकानांचा पगार देणार आहात का?"

मेहुणे थोडा वेळ गप्प राहिले. मग माझ्या हातून पेन घेऊन त्यांनी मसुद्याच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'सायंकाळी सातनंतर दिवाणजींनी कोणाचीही वही लिहावी, पेढीची हरकत नाही', आणि कागद आधी दिवाणजींना वाचायला दिला.