मोल्सवर्थ या नावाचं ऋण

मराठीतल्या जुन्या कागदपत्रांवर ज्यांचं पोट आहे, त्यांच्या तोंडी एक इंग्रजी आडनाव रोजचं असतं. 'मोल्सवर्थात बघ' एवढं म्हटलं की पुरतं. उमेदवारीच्या काळात मी सातारच्या एका वकिलांकडे जमिनीच्या जुन्या दस्तांची भाषांतरं करत असे. मिरास, उपरी, थळ, बलुतं हे शब्द कानावरून गेलेले होते. पण कोर्टापुढे मांडायचे तर अंदाजपंचे चालत नाही. माझी ओढाताण बघून, मला मोडी शिकवणाऱ्या गुरुजींनी आपल्या कपाटातला मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोश, मला देऊन टाकला. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली काढलेलं पुनर्मुद्रण होतं ते. देताना म्हणाले, "अरे, ज्याचं अन्न खायचं त्याचं गाव-कूळ ठाऊक असावं. हा कोण, कुठला, तेही शोध."

गुरुजी आता नाहीत. त्यांचा शब्द मी पाळला, आणि त्या शोधाने मला कोशाइतकंच दिलं.

मोल्सवर्थ हे मुळात एका खेड्याचं नाव. इंग्लंडच्या पूर्व भागात, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला हे लहानसं गाव आहे. पूर्वी ते हंटिंग्डनशर काउंटीत होतं, १९७४पासून केंब्रिजशरमध्ये मोडतं. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वाडी. मूल नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाची वाडी, ती मोल्सवर्थ. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीत, या गावाची नोंद आहे. वर्ड्सवर्थ आणि बटरवर्थ ही आडनावंही याच जातकुळीची.

इंग्लंडमध्ये बापाचं आडनाव मुलाने लावायची चाल पक्की झाली ती नॉर्मन विजयानंतर, साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात. त्याआधी 'अमुक गावचा' एवढीच ओळख असे आणि ती माणसाबरोबर संपे. शिवाय गावातल्या गावात कुणी कुणाला गावाच्या नावाने ओळखत नाही. गाव सोडून गेलेल्यालाच ते चिकटतं, आपल्याकडच्या फलटणकर-संगमनेरकरांसारखं. म्हणजे मोल्सवर्थ आडनावाच्या घराण्यांचे मूळपुरुष गाव सोडून निघालेले असणार.

पुढेही हे नाव हिंडतच राहिलं. एक शाखा आयर्लंडमध्ये रुजली. डेन्मार्कच्या राजसत्तेवर परखड ग्रंथ लिहिणारे रॉबर्ट मोल्सवर्थ तिथले. १७१६ साली ते व्हायकाउंट झाले. डब्लिनमध्ये आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. दुसरी शाखा कॉर्नवॉलमधल्या पेनकॅरोची. तिथल्या सर विल्यम मोल्सवर्थ यांनी तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ संपादित केले, आणि कैद्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचं अध्यक्षपद सांभाळलं.

पण मी ऋणी आहे तो जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा. जन्म १७९५चा. कोवळ्या वयात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत आले, मराठी शिकले आणि शब्द टिपू लागले. पुढे टॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू आणि आपल्याकडची शास्त्रीमंडळी यांच्या साथीने १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना मायदेशी जावं लागलं. पण ते परत आले आणि १८५७ साली सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती तयार करून दिली. पुण्याच्या लोकांनी त्यांचं आडनाव आपल्या जिभेला वळवून घेतलं आणि त्यांना 'मोलेसर शास्त्री' केलं.

या कोशाचं कुठलंही पान उघडा. आधी देवनागरीत शब्द, मग लिंग, आणि कंसात तो संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून याची खूण. कोकणातल्या बोलीचा असेल तर तीही खूण. 'पाणी' काढलंत तर नुसता अर्थ सांगून ते थांबत नाहीत. खाली वाक्प्रचारांची रांगच लागते. शेतकरी, सुतार, सोनार, घरातल्या बायका यांच्या तोंडचे शब्द पंडिती शब्दांच्या पंगतीला बसवायचे, हा त्यांचा बाणा. बलुतं हा शब्द मला समजला तो या बाण्यामुळे.

सैनिकी पेशा ख्रिस्ती धर्माला धरून नाही, अशी त्यांची खात्री झाली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि पेन्शनवरही पाणी सोडलं. त्यांच्या नावाच्या खेड्याजवळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ झाला. १९८०च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी छावणी टाकली. सरकारने १९८५च्या फेब्रुवारीत ती हटवली. हे वाचताना मला आपले मोल्सवर्थ त्या छावणीतल्या लोकांच्या बाजूचे वाटले.

गुरुजींचं आणि मोल्सवर्थांचं ऋण कोशाची पूजा करून फिटणार नाही. त्यांनी केलं तेच आपण करायचं. तुमच्या आजीच्या, गवंड्याच्या, शेतावरच्या गड्याच्या तोंडी एखादा अनोळखी शब्द आला तर तो मोल्सवर्थात बघा. सापडला तर त्यांना नमस्कार करा. नाही सापडला, तर कुणी, कुठे, कशासाठी वापरला यासकट तो लगेच लिहून ठेवा.