राळ, लाख आणि अराल्डाइट
(टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स)

"मराठी विभागासाठी काहीतरी दे, पण कविता नको," असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने बजावलं, तेव्हा मी म्हटलं, मग पॉटिंगवर लिहिते. ती म्हणाली, "म्हणजे कुंभारकाम?" नाही हो! पॉटिंग म्हणजे सर्किट डबीत ठेवून त्यावर रेझिन ओतायचं आणि सगळं दगडासारखं घट्ट होऊ द्यायचं. बाइकचा सीडीआय युनिट कधी उलटा करून बघा. मागे काळा, गुळगुळीत थर दिसतो आणि आत काय आहे ते देवालाच ठाऊक, तेच हे.

आता आम्ही पडलो कॉन्व्हेंटवाले. रेझिनला मराठीत काय म्हणतात ते आजीला विचारावं लागलं. "अगं, राळ! धुपात घालतात ती." मग तिने गळ्यातली बोरमाळ दाखवली. मणी वरून सोन्याचे, पण सोनं म्हणजे नुसता कागदासारखा पत्रा. आत लाख भरलेली. लाख नसती तर पहिल्याच लग्नात गर्दीत मणी चेपले असते. म्हणजे आमच्या घरात पॉटिंग माझ्या सिलॅबसच्या कितीतरी आधी आलेलं होतं!

या विषयात मी पडले ती मामामुळे. मामाची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. विहिरीवर पाच एचपीची सबमर्सिबल मोटार. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्री येते. तेव्हा ऑटो स्टार्टर मोटार आपोआप चालू करतो, माणूस झोपलेला असतो, आणि एप्रिलमध्ये विहीर दोन तासांत तळ गाठते. या मोटारीला थंड ठेवणारं पाणीच असतं. पाणी संपलं की वाइंडिंग जळतं. म्हणून मामाने पाण्याची पातळी बघून मोटार बंद करणारा तयार सेन्सर बसवला होता. गेल्या उन्हाळ्यात तो सेन्सर गप्प राहिला, आणि मोटार जळली. ती वर काढणं, रिवाइंडिंग, परत सोडणं, यात आठ दिवस गेले. आठ दिवस कोरडी राहिलेली बाग मग एकदम भिजली आणि फळं तडकली. तडकलेलं डाळिंब बाजारात कोण घेणार?

तो सेन्सर मी कॉलेजला आणला आणि वर्कशॉपमध्ये हॅक्सॉने उभा कापला. आत पीव्हीसीच्या नळीत रीड स्विच होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रीड स्विच म्हणजे काचेची चिमुकली नळी, आमच्याकडची 14 मिमी लांब आणि जेमतेम 2 मिमी जाड. आत निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या. लोहचुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात, टिक्! बेल लॅब्समध्ये 1936 साली वॉल्टर एलवूड यांनी हा स्विच शोधला आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असे स्विच ढिगाने वापरले गेले. काच अशासाठी, की पट्ट्यांना हवा आणि ओल लागू नये.

मामाच्या सेन्सरमध्ये पाण्याचा एक थेंब शिरलेला नव्हता. रेझिन अगदी चोख होतं. पण सगळ्यात खालच्या स्विचची काच टोकाला, जिथे तार आत जाते तिथे, तडकली होती. ज्याने ओलीपासून राखायचं त्यानेच काच फोडली होती.

हे कसं होतं त्याचा हिशोब मी वहीत मांडला, इथेही मांडते (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा). रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की ते नुसते वाळत नाहीत, त्यांची रासायनिक क्रिया होते आणि उष्णता निघते. थोडं असेल तर कोमट, मोठ्या कपात एकदम कालवलं तर कप हातात धरवत नाही. घट्ट होताना ते थोडं आकसतं. नंतर थंड होताना आणखी आकसतं. साधं इपॉक्सी एका अंशाला दहा लाखात साधारण 60 भाग आकसतं, काच साधारण 10. समजा 65 अंशांवर घट्ट झालेलं रेझिन विहिरीच्या 25 अंशांच्या पाण्यात गेलं. 50 गुणिले 40, म्हणजे दहा लाखात 2000 भागांचा फरक. 14 मिमीच्या काचेवर तो होतो 0.028 मिमी. केसाच्या जाडीच्या निम्माही नाही! पण काचेला पळायला जागाच नाही, सगळीकडून तिला आवळलेलं आहे. त्यात नळी उन्हात तापते, पाण्यात निवते, आणि हे रोज चालतं.

मामाला हे सांगताना माझी इंग्लिश-मराठी खिचडी झाली. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे डाळिंबागतच की. साल ताणत न्हाई, दाणं फुगत्यात." तिथे आतून दाब, इथे बाहेरून, एवढाच फरक. थर्मल एक्स्पान्शन शिकवताना आम्हाला हे उदाहरण कोणी का दिलं नाही?

उपाय पुस्तकात एका ओळीत आहे: नाजूक भागाला आधी मऊ थर द्या. करायला बसलं की त्या एका ओळीत चार भानगडी निघतात. मऊ थर म्हणजे सिलिकॉन. पण दुकानात फिशटँकसाठी मिळणारं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन चालत नाही. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि तांब्याला खातं. बिनवासाचं, न्यूट्रल क्युअर म्हणतात ते मागायचं. दुकानदार "सगळं सारखंच असतं" म्हणेल, ऐकू नका. दुसरं, सिलिकॉन इपॉक्सीपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. जाड थर देऊन वरून कडक रेझिनने कोंडलं तर उन्हात तेच काचेला दाबतं, म्हणून थर पातळच. तिसरं, स्विचची तार काचेजवळून वाकवायची नाही. काच आणि वाकण यांच्या मध्ये पक्कड धरायची, आणि तारेला छोटं वळण सोडायचं, म्हणजे रेझिन ओढेल तेव्हा वळण ताणलं जाईल, काच नाही. चौथं, रेझिन एकदम ओतायचं नाही, थराथराने ओतायचं. (आणि हातमोजे! हार्डनरने कातडीला खाज सुटते.)

चार नमुने केले. दोनात स्विच थेट रेझिनमध्ये, दोनात सिलिकॉन लावून. एका बादलीत कढत पाणी, दुसरीत बर्फ, पाच-पाच मिनिटं इकडून तिकडे, अशा 50 फेऱ्या. मल्टिमीटरचा बीप ऐकून ऐकून शेजारच्या बेंचवरची मुलं वैतागली. थेट ओतलेल्यांपैकी एक 31 व्या फेरीनंतर बोलेनासा झाला. बाकी तीन चालू राहिले. दोन-दोन नमुन्यांवरून काही सिद्ध होत नाही असं एक्स्टर्नल म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पण विहिरीत कोणता सोडायचा हे ठरवायला मला तेवढं पुरलं.

जुन्या सेन्सरमध्ये आणखी एक गोष्ट मला पटली नाही. पाणी खाली गेलं की स्विच जुळायचा आणि मग मोटार बंद व्हायची. म्हणजे स्विच मेला तर बंद करणारं कोणीच नाही. आम्ही उलटं केलं: पाणी आहे तोवर स्विच जुळलेला, तो सुटला की मोटार बंद. स्विच तुटला तरी मोटार बंदच. बाग एक दिवस कोरडी राहील, पण मोटार वाचेल.

खरा वाद झाला तो कंट्रोल बोर्डावरून. माझा पार्टनर म्हणाला, तेही काळ्या रेझिनमध्ये घालू. दिसतं भारी, मुंग्या-पाली शिरत नाहीत, कोणी कॉपी मारत नाही. मुंग्यांचं खरं आहे, स्टार्टरच्या पेटीत त्या वारूळच करतात. पण बोर्ड दाखवायला मी गावातल्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे घेऊन गेले होते. मामाची मोटार त्यांनीच भरली होती. त्यांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पर ताई, ह्ये बिघडलं तर उघडायचं कसं?" त्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात अशा काळ्या विटा पडल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच जणींच्या पोटात एखादा रिले किंवा कपॅसिटर तेवढा गेला असणार. पण तिथवर पोहोचता येत नाही म्हणून शेतकऱ्याला अख्खा नवीन घ्यावा लागतो. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, आत गॅस झाला तर तिथून सुटावा म्हणून. तिच्यावर कडक रेझिन ओतलं की ती वाटही बंद.

दोन दिवस भांडून असं ठरलं: सेन्सर सील करायचा, कारण तो पाण्यातच राहणार आणि त्यातला स्विच काही रुपयांचा. बोर्डाला नुसतं व्हार्निश, ते सोल्डरिंग गनने जाळून पार्ट बदलता येतो. पेटीला रबरी गॅस्केट आणि वायर आत जाते तिथे ग्लँड. झाकणाच्या आत सर्किट डायग्राम चिकटवलाय, मराठीत, माझ्या अक्षरात. पार्टनर अजून म्हणतो की काळी वीट केली असती तर प्रेझेंटेशनला चार मार्क जास्त मिळाले असते. मिळाले असतीलही.

सेन्सर होळीच्या आधी विहिरीत सोडला. आत्तापर्यंत मोटार सहा वेळा वेळेवर बंद झालीय, मामा भिंतीवर खडूने रेघा मारतो. कापलेल्या सेन्सरचा अर्धा भाग रिवाइंडिंगवाल्या काकांनी मागून घेतला, गिऱ्हाइकांना दाखवायला. बिनवासाचं सिलिकॉन सोलापुरात कुठे मिळतं ते मी त्यांना लिहून दिलंय. मे महिना अजून जायचाय.