एका वेळी एकच बदल

अमेरिकेतील ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या सीमेवरून कोलोरॅडो नदी वाहते. तिच्या काठी पार्कर नावाचे गाव आहे. धरणाखालच्या या पट्ट्यात वेगवान बोटींचा नाद कित्येक दशकांपासून रुजलेला आहे. एका शनिवारी पहाटे याच पाण्यात एक तरुण वडिलांची जुनी बोट घेऊन उतरला. सुमारे 18 फूट लांबीची, जवळजवळ सपाट तळाची, व्ही-ड्राइव्ह प्रकारची ती बोट होती. शेजारच्या आसनावर धाकटा भाऊ होता. बोटीत एकच दोष होता. ताशी 100 किलोमीटरच्या पुढे गेली की तिचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, वर उसळे, खाली आपटे आणि पुन्हा उसळे. वेग वाढवावा तशी ही उसळी वाढत जाई. दोन दिवसांत हा दोष काढायचाच, असे त्याने ठरवले होते.

व्ही-ड्राइव्ह म्हणजे काय, हे आधी पाहू. साध्या इनबोर्ड बोटीत इंजिन मध्यभागी असते आणि त्याचा दांडा सरळ मागे प्रोपेलरकडे जातो. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन मागच्या भागात, पण उलटे तोंड करून बसवलेले असते. त्याची शक्ती प्रथम पुढे गिअरपेटीकडे जाते, तिथे वळते आणि तळाखालून तिरक्या दांड्याने मागच्या प्रोपेलरपर्यंत पोहोचते. बाजूने पाहिले तर या मार्गाचा आकार आडव्या पडलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. या रचनेमुळे इंजिनाचे वजन मागे घेता येते. मोठी लाट उठवणाऱ्या वेकसर्फिंगच्या बोटी याच कारणासाठी ही रचना वापरतात. मात्र वजन मागे गेले की नाळ हलकी होते आणि उसळीची प्रवृत्ती वाढते. फायदा आणि तोटा एकाच मुळातून येतात.

वेग कमी असताना बोट आर्किमिडीजच्या नियमाने तरंगते. वेग वाढला की ती पाण्यावर चढते आणि तिचा बहुतेक भार तळावर आदळणाऱ्या पाण्याच्या गतिज दाबावर पेलला जातो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 100 किलोमीटरला त्याचे मूल्य सुमारे 3.8 वातावरणदाब येते आणि ताशी 200 किलोमीटरला सुमारे 15. तळाच्या प्रत्येक भागाला तो पूर्णपणे झेलावा लागत नाही, पण त्याचा लहानसा अंशही पुरेसा असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन आहे. त्यामुळे पिछाडीला लावलेली तळहाताएवढ्या रुंदीची धातूची प्लेट दोन मिलिमीटर खाली झुकवली, तरी सबंध बोटीचा कल बदलतो.

उसळी हा प्रकार भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. बोट वरखाली होते आणि त्याच वेळी पुढेमागे डोलतेही. या दोन हालचाली एकमेकींना ऊर्जा देऊ लागल्या की दोलन आपोआप वाढत जाते. त्यासाठी बाहेरून लाट यावी लागत नाही. आरशासारख्या स्थिर पाण्यावरही बोट उसळते. या विषयाचा पाया समुद्री विमानांच्या अभ्यासातून घातला गेला. फॉन कारमान यांनी 1929 मध्ये आणि हर्बर्ट वॅगनर यांनी 1932 मध्ये पाण्यावर आदळणाऱ्या तळाचे गणित मांडले. पुढे 1964 मध्ये डॅनियल सवित्स्की यांच्या शोधनिबंधाने वेगवान बोटींच्या रचनाकारांना वापरण्याजोगी सूत्रे दिली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ठरावीक वेगाला आणि भाराला नाळेच्या कलाची एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली की उसळी सुरू होते. उपाय उघड आहे: नाळ थोडी खाली आणायची.

त्या तरुणाने नेमके हेच केले. पण एकदम तीन मार्गांनी. पिछाडीच्या प्लेटांचे टर्नबकल फिरवून त्याने प्लेटा खाली घेतल्या. बॅटरी आणि इंधनाची टाकी पुढे सरकवली. शिवाय पिछाडीला अधिक उचल देणारा दुसरा प्रोपेलर बसवला. तिन्ही बदल आपापल्या जागी समंजस होते. दुपारच्या फेरीत बोट तीरासारखी सरळ धावली. उसळीचा मागमूसही नव्हता. भावाने आनंदाने हात उंचावला.

पट्ट्याच्या शेवटी त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. क्षणार्धात नाळ पाण्यात रुतली, बोट उजवीकडे गर्रकन वळली आणि भाऊ बाजूच्या काठावर आदळला. त्याची एक बरगडी मोडली. तो पाण्यात फेकला गेला नाही, हे नशीब.

असे का घडले, हे बाण डोळ्यांसमोर आणले की कळते. बाणाची पिसे मागे असतात, म्हणून तो किंचित तिरपा झाला तरी हवा त्याला पुन्हा सरळ करते. पिसे पुढे लावली तर तोच बाण उलटा फिरेल. बोटीचा मागचा भाग पाण्याला धरून असतो तोवर ती सरळ चालते. वेग अचानक कमी केला की पाण्याचा रोध गुरुत्वमध्याच्या खाली लागतो आणि नाळ दबते. ती आधीच खाली आणलेली असेल, तर तळाचा पुढचा कंगोरा पाण्यात शिरतो. मग पाण्याची पकड गुरुत्वमध्याच्या पुढे जाते आणि लहानसा तिरपेपणाही आवरण्याऐवजी वाढत जातो. सुकाणू तेव्हा काही करू शकत नाही.

रात्री इस्पितळाच्या बाकावर त्या तरुणाला अपघातापेक्षा एक प्रश्न अधिक छळत होता. तीन बदलांपैकी चूक कोणत्या बदलाची होती? प्लेटांची, वजनाची की प्रोपेलरची? त्याच्याजवळ उत्तर नव्हते आणि ते मिळवण्याची वाटही नव्हती. प्रयोगातील तीन चल राशी त्याने एकाच वेळी हलवल्या होत्या. भावाने बरगडीची किंमत मोजली, पण त्या किमतीत ज्ञान काहीच हाती आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो एका वृद्ध मेकॅनिककडे गेला. म्हाताऱ्याने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "सगळे होते तसे परत कर. मग बोट उलटी करू." बोट पालथी झाल्यावर त्याने तळाच्या मागच्या भागावर लांब, सरळ धातूची पट्टी ठेवली. पट्टी मध्यभागी टेकली, दोन्ही टोकांशी मात्र फट राहिली. मागच्या टोकाशी ती सुमारे तीन मिलिमीटर होती. पूर्वीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत घासताना तळाला बाहेरच्या बाजूने बाक आला होता आणि पिछाडीची धारही गोलसर झाली होती. अशा बाकावरून वाहताना पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि पिछाडी खाली ओढली जाते. परिणामी नाळ वर जाते. उसळीचे मूळ तिथे होते. तिन्ही बदलांनी ते मूळ झाकले होते, काढले नव्हते.

तळ भरून, घासून सपाट करण्यात काही आठवडे गेले. धार पुन्हा तीक्ष्ण केली, म्हणजे पाणी पिछाडीपासून स्वच्छ सुटावे. प्लेटा तळाच्या पातळीत आणल्या, टाकी आणि बॅटरी मूळ जागी गेली, जुना प्रोपेलर परत आला. त्यानंतर वही उघडली. प्रत्येक फेरीला इंधन तेवढेच, चालवणारा एकटाच, पाणी शांत असेल तेव्हाच. वेग दर वेळी ताशी दहा किलोमीटरने वाढवायचा आणि प्रत्येक वेगाला पाय हळूहळू उचलून बोट कशी बसते ते पाहायचे. एका फेरीत एकच बदल, आणि तो नोंदवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वरच्या वेगाला थोडी उसळी उरली होती. टर्नबकलचा अर्धा फेरा पुरला. ज्या बोटीला तीन उपाय अपुरे वाटत होते, तिला अर्धा फेरा पुरेसा ठरला.

पाण्यावरच्या सर्वोच्च वेगाच्या इतिहासातही हाच धडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. 4 जानेवारी 1967 रोजी इंग्लंडच्या कॉनिस्टन सरोवरावर डोनाल्ड कॅम्पबेल पहिल्या फेरीनंतर लगेच परत फिरले. ताशी सुमारे 500 किलोमीटरच्या वेगात त्यांच्या जेट बोटीची नाळ हवेत उचलली गेली आणि त्यांचा अंत झाला. कारणांची चर्चा अभ्यासकांत आजही होते. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी आपली बोट घराच्या मागच्या अंगणात बांधली आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवत नेला. 1977 मध्ये त्यांनी ताशी 464 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला आणि 8 ऑक्टोबर 1978 रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर 511 किलोमीटरचा. तो विक्रम पुढची कित्येक दशके अबाधित राहिला.

भारतात व्ही-ड्राइव्हच्या शर्यती नाहीत, पण हे भौतिकशास्त्र इथेही रोजच्या कामाचे आहे. मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली; ती पाहणाऱ्यांनी पाण्यावर चढलेल्या बोटी प्रत्यक्ष पाहिल्या. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जलद नौकांपुढे कलाचा आणि उसळीचा हाच प्रश्न असतो. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत 500 मीटर लांबीची, तर आयआयटी मद्रासमध्ये 82 मीटर लांबीची कर्षण टाकी आहे. अशा टाकीत नौकेची लहान प्रतिकृती ठरावीक वेगाने ओढली जाते आणि तिचा रोध व कल मोजला जातो. गुरुत्वमध्य बदलायचा तर वेग तोच ठेवतात. वेग बदलायचा तर वजन हलवत नाहीत. टाकीचे पाणी शांत होईपर्यंत पुढची फेरी थांबते. नवख्या विद्यार्थ्याला ही वाट पाहणे कंटाळवाणे वाटते. पण फेरीनंतर हाती आलेला आकडा कशामुळे बदलला, हे त्या प्रतीक्षेमुळेच सांगता येते.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ पुन्हा त्या बोटीत बसला. बसण्यापूर्वी त्याने वही मागितली, शेवटचे पान वाचले आणि मगच जीवरक्षक जाकिटाचा पट्टा आवळला.